नातेपुत्याहून अंदमानला पत्र कसे पोहोचायचे? बोटीने जाणाऱ्या टपालाची माहिती

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातले नातेपुते हे गाव माहीत आहे ते माउलींच्या पालखीच्या मुक्कामामुळे. इथून समुद्र सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. तरीही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशा गावातल्या टपालपेटीत पडलेले एखादे पत्र हलकाऱ्याच्या थैलीतून, मग रेल्वेतून आणि शेवटी आगबोटीतून बंगालच्या उपसागरातल्या बेटावर पोहोचू शकत होते. त्यासाठी तिकीट लागायचे अर्ध्या आण्याचे, म्हणजे शेजारच्या तालुक्याला पाठवायला लागायचे तेवढेच.

हे कसे जमायचे? बेटावर टपाल नेणारी बोट कोण ठरवायचे, पैसे कोण द्यायचे, आणि बोट आली नाही तर काय व्हायचे? अंदमानच्या उदाहरणातून ही सगळी व्यवस्था समजून घेता येते.

थोडक्यात

- बेटावरचे टपाल बोटीच्या तारखेवर अवलंबून असते. पत्र कितीही लवकर बंदरात आले तरी बोट सुटेपर्यंत ते तिथेच थांबते.
- अशी बोट पत्रांच्या तिकिटांतून चालत नाही. सरकार जहाज कंपनीशी ठेका करते आणि ठरलेली रक्कम देते.
- अंदमानला टपाल, सामान आणि कैदी नेण्याचे काम एशियाटिक स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी करत. ‘महाराजा’ ही त्यातली सर्वांत परिचित बोट.
- आज पत्रे मुख्यतः विमानाने जातात, पण लहान बेटांसाठी बोट अजूनही महत्त्वाची आहे.

अंदमान किती लांब आहे?

पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) कोलकात्यापासून समुद्रमार्गे सुमारे १,२५५ किलोमीटर आणि चेन्नईपासून सुमारे १,१९० किलोमीटर आहे. त्यामानाने म्यानमारमधले रंगून बरेच जवळ. ब्रिटिश काळात ब्रह्मदेश १९३७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्याच अखत्यारीत होता. त्यामुळे कलकत्ता, मद्रास आणि रंगून अशा तिन्ही बंदरांचा अंदमानशी संबंध असायचा.

इंग्रजांनी इथे पहिली वसाहत १७८९ मध्ये केली होती. रोगराईमुळे ती १७९६ मध्ये सोडून द्यावी लागली. १८५७ च्या उठावानंतर कैद्यांना ठेवायला दूरची जागा हवी होती, म्हणून मार्च १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरला पुन्हा वसाहत सुरू झाली आणि कैद्यांची पहिली तुकडी उतरली. बेटावर कैदी होते, शिपाई होते, अधिकारी होते, पण धान्य, औषधे, कागद, कापड हे बहुतेक सगळे बाहेरून यायचे. म्हणून बोट ही या वसाहतीची पहिली गरज होती, आणि टपालाच्या थैल्या त्याच बोटीत असायच्या.

आगबोटीने नेमके काय बदलले?

शिडाचे जहाज वाऱ्यावर चालते. वारा अनुकूल असेल तर ते लवकर पोहोचते, नसेल तर आठवडे लागतात. त्यामुळे शिडाच्या जहाजाचे वेळापत्रक छापता येत नाही. वाफेच्या बोटीला मराठीत ‘आगबोट’ म्हणतात. ती वाऱ्याविरुद्धही चालते. तिने टपालाला वेग दिला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तारीख दिली. अमुक दिवशी सुटणार आणि साधारण अमुक दिवशी पोहोचणार, असे सांगणे शक्य झाले.

मुंबईला याचा अनुभव लवकर आला. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी निघून साधारण महिनाभरात सुएझला पोहोचली. त्यातले बरेच दिवस वाटेत कोळसा भरण्यात गेले. कोळसा कुठे भरायचा, तो आधी तिथे कसा नेऊन ठेवायचा, हा आगबोटीच्या टपालातला पहिला मोठा प्रश्न होता. पुढे पी अँड ओ कंपनीच्या बोटी विलायतेचे टपाल ठरलेल्या वारी मुंबईला आणू लागल्या. शहराचा व्यापार आणि कचेऱ्यांची कामे त्या ‘मेल’च्या दिवसाभोवती फिरू लागली.

‘टपाल बोट’ कशाला म्हणायचे?

१८९८ च्या भारतीय टपाल कायद्यात दोन प्रकारच्या जहाजांत फरक केला होता. पहिला प्रकार टपाल जहाजाचा. सरकारशी केलेल्या करारानुसार किंवा कायमच्या व्यवस्थेनुसार टपाल नेणारे जहाज म्हणजे टपाल जहाज. दुसरा प्रकार बाकी सगळ्या जहाजांचा.

महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या जहाजालाही टपाल नाकारता येत नसे. हिंदुस्थानातल्या बंदरातून सुटणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला टपाल कचेरीने थैल्या दिल्या, तर त्या घेणे, त्याची पावती देणे आणि पोहोचण्याच्या बंदरात त्या विलंब न लावता सुपूर्द करणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य होते. त्याबद्दल सरकार त्याला बक्षिसी देऊ शकत होते. म्हणजे ठेक्याची बोट आजारी पडली, गोदीत अडकली किंवा उशीर करू लागली, तर दुसऱ्या एखाद्या बोटीतून थैल्या पाठवायचा रस्ता कायद्यातच ठेवला होता. २०२३ चा नवा टपाल कायदा १८ जून २०२४ रोजी लागू झाला आणि हा जुना कायदा इतिहासजमा झाला.

इंग्लंडकडच्या टपाल बोटींच्या नावापुढे ‘आरएमएस’ लागायचे. ‘रॉयल मेल शिप’ किंवा ‘रॉयल मेल स्टीमर’ असा त्याचा अर्थ. १९१२ मध्ये बुडालेली ‘टायटॅनिक’ ही अशीच टपाल बोट होती. तिच्यावर पत्रांची वर्गवारी करणारे पाच टपाल कर्मचारी होते आणि ते पाचही जण त्या अपघातात गेले. मुंबईच्या वाटेवरच्या विलायती बोटींतही अशी सोय होती. एडन ते मुंबई या टप्प्यात टपाल कर्मचारी बोटीवरच पत्रे गावांनुसार लावून ठेवत. बोट धक्क्याला लागली की थैल्या थेट रेल्वेत चढवता येत. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ मध्ये ही व्यवस्था बंद झाली.

ठेका कसा चालायचा?

एखाद्या बेटावर महिन्याला काही थैल्या पत्रे जात असतील, तर त्यांच्या तिकिटांच्या पैशांत बोटीचा कोळसासुद्धा निघत नाही. म्हणून बेटाच्या टपालाची व्यवस्था जवळजवळ नेहमी एकाच पद्धतीने होते. सरकार एका जहाज कंपनीशी करार करते. त्यात साधारणपणे या गोष्टी ठरतात:

१. फेऱ्या किती: महिन्यात किती वेळा आणि कोणत्या बंदरातून बोट सुटेल.

२. काय न्यायचे: टपाल, सरकारी सामान, प्रवासी. अंदमानच्या बाबतीत कैदीसुद्धा.

३. पैसे किती: पत्रे कमी असोत की जास्त, कंपनीला ठरलेली रक्कम मिळते. बाकीची कमाई ती खासगी प्रवासी आणि मालातून करते.

४. उशीर झाला तर: मोठ्या टपाल ठेक्यांमध्ये उशिराबद्दल दंडाचे कलम असायचे.

१८७८ मध्ये स्थापन झालेल्या एशियाटिक स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे अंदमानच्या वाहतुकीचे काम होते. ‘महाराजा’ ही तिचीच बोट. मराठी वाचकांना हे नाव माहीत आहे ते विनायक दामोदर सावरकरांमुळे. याच बोटीने त्यांना ४ जुलै १९११ रोजी पोर्ट ब्लेअरला आणले गेले. ज्या बोटीतून माणूस काळ्या पाण्यावर जायचा, त्याच बोटसेवेवर पुढे त्याच्या घरची पत्रे अवलंबून असायची.

पत्राचा प्रवास, टप्प्याटप्प्याने

समजा, १९१२ च्या सुमारास नातेपुत्याच्या परिसरातून कुणी पोर्ट ब्लेअरला पत्र टाकले. त्याचा प्रवास साधारण असा होऊ शकत होता.

पहिला टप्पा, रस्ता. गावातले टपाल थैलीत भरून हलकारा किंवा टांगा मोठ्या गावाकडे न्यायचा. नातेपुत्याहून पंढरपूर पालखीच्या वाटेने साधारण पासष्ट-सत्तर किलोमीटरवर आहे.

दुसरा टप्पा, रेल्वे. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी तोपर्यंत पंढरपूरला आली होती. ती कुर्डुवाडीला मुंबई–मद्रास या मोठ्या मार्गाला मिळायची. तिथून पत्र सोलापूर, रायचूर करत मद्रासच्या दिशेने जाऊ शकत होते. रेल्वेत टपालाचा वेगळा डबा असायचा आणि धावत्या गाडीत पत्रे लावली जायची.

तिसरा टप्पा, बंदर. इथे पत्र थांबायचे. पुढची बोट कधी आहे, हे पाहून त्या बेटाची थैली ‘बंद’ केली जायची. थैलीच्या तोंडाला दोरी, त्यावर लाखेचा शिक्का, सोबत यादी. थैली बंद झाल्यानंतर आलेले पत्र पुढच्या बोटीची वाट पाहत राहायचे. ज्यांना घाई असेल, त्यांच्यासाठी काही ठिकाणी जादा ‘लेट फी’ भरून शेवटच्या क्षणी पत्र देण्याची सोय असे.

चौथा टप्पा, समुद्र. बोटीवरचा अधिकारी थैल्या मोजून घ्यायचा, शिक्के पाहायचा आणि पावती द्यायचा. प्रवास काही दिवसांचा. पावसाळ्यात जास्त.

पाचवा टप्पा, उतरवणूक. पोर्ट ब्लेअरचे बंदर डोंगरांच्या आडोशाला असल्याने तिथे बोट सुरक्षित नांगरता येते. सगळ्या बेटांचे नशीब असे नव्हते. निकोबारमधल्या कार निकोबारसारख्या ठिकाणी किनारा उघडा आहे. मोठी बोट लांब उभी करून थैल्या आणि माणसे लहान होड्यांतून लाटांमधून किनाऱ्याला आणावी लागत. समुद्र खवळलेला असेल तर समोर बेट दिसत असूनही टपाल उतरवता येत नसे.

सहावा टप्पा, वाटप. टपाल कचेरीत शिक्के तपासून थैली फोडली जायची. पत्र अधिकाऱ्याचे असेल तर ते हातात पडायचे. कैद्याचे असेल तर आणखी एक टप्पा बाकी असायचा.

दर एकच, वेळ मात्र वेगळी

१ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानात अंतर न पाहता एकच टपाल दर लागू झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा. १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे पोस्टकार्ड आले. अंदमान हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग असल्यामुळे तिथेही भारतीय तिकिटे आणि देशातलेच दर चालत.

कागदावर ही मोठी समता होती. नातेपुत्याहून फलटणला आणि नातेपुत्याहून पोर्ट ब्लेअरला एकाच किमतीत पत्र जायचे. फरक वेळेत होता. फलटणचे उत्तर आठवड्यात येऊ शकत होते. बेटावरून उत्तर यायला एक बोट जायची आणि दुसरी यायची वाट पाहावी लागे. पत्र बोटीच्या आदल्या दिवशी पोहोचले तर नशीब, दुसऱ्या दिवशी पोहोचले तर पुढच्या फेरीपर्यंत ते थैलीतच.

पत्र हरवले तर? कायद्याने सरकारवर त्याची जबाबदारी नव्हती. साधे पत्र बोटीबरोबर बुडाले, भिजले किंवा उशिरा पोहोचले तरी पाठवणाऱ्याला भरपाई मिळत नसे. म्हणून व्यापारी लोक महत्त्वाच्या कागदाच्या दोन प्रती करून वेगवेगळ्या बोटींनी पाठवत.

वर्षाला एक पत्र

या व्यवस्थेत सर्वांत जास्त काही पणाला लागले असेल तर ते कैद्यांचे. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले. सात शाखा आणि सुमारे ७०० एकांत कोठड्या असलेल्या या तुरुंगात कैद्याला वर्षातून एकदा घरी पत्र लिहिण्याची आणि घरचे एक पत्र घेण्याची मुभा होती. शिक्षा झाली तर ती मुभाही जायची. जाणारे-येणारे प्रत्येक पत्र अधिकारी वाचायचे. खटकलेला मजकूर काढला जायचा किंवा पत्रच अडवले जायचे.

महाराष्ट्रातले अनेक कैदी इथे होते. विनायकरावांच्या आधीपासून त्यांचे थोरले बंधू गणेश, म्हणजे बाबाराव सावरकर, तिथेच होते. नाशिकच्या जॅक्सन खून खटल्यातले वामनराव जोशीही होते. विनायकरावांनी अंदमानातून धाकटे बंधू नारायणराव यांना अशी वार्षिक पत्रे लिहिली. नारायणराव त्या काळात आधी कलकत्त्याला वैद्यकीचे शिक्षण घेत होते. ती पत्रे पुढे प्रसिद्ध झाली. अंदमानातल्या दिवसांची हकीकत ‘माझी जन्मठेप’ या पुस्तकातही आहे. मे १९२१ मध्ये दोघा भावांना हिंदुस्थानात परत आणले गेले.

वर्षाला एकच पत्र असेल तर त्यात काय लिहायचे? घरातले जन्म, मृत्यू, लग्ने, आजार, सगळे एकाच कागदात. आईवडील, बायको, भाऊ, प्रत्येकाला वेगळे पत्र शक्य नाही, म्हणून एका पत्रात सगळ्यांसाठी निरोप. घरून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वर्षाने. बाकीच्या बेटकरांसाठी उशीर म्हणजे एक-दोन आठवड्यांचा खोळंबा होता. कैद्याच्या घरी मात्र पत्र वेळेवर आले नाही की माणूस जिवंत आहे की नाही, हाच प्रश्न उभा राहायचा. बोट चुकली, पत्र अडवले, की काही बरेवाईट झाले, हे कळायला मार्ग नव्हता.

बोट नसेल तर बातमीही नाही

बेटाचा संपर्क एका बोटीवर असणे किती नाजूक होते, हे काही प्रसंगांतून दिसते.

१८७२. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचा पोर्ट ब्लेअरला शेर अली या कैद्याने खून केला. बेटावर तारायंत्र नव्हते. देशाचा सर्वोच्च अधिकारी मारला गेला होता, तरी ही बातमी बाहेर पडायला बोटच लागली. ती मुख्य भूमीला पोहोचेपर्यंत देशाला काहीच माहीत नव्हते.

१९०५. या सुमारास पोर्ट ब्लेअर आणि ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळचे डायमंड बेट यांच्यात बिनतारी संदेशसेवा सुरू झाली. सरकारी निरोप आणि तातडीच्या तारा बोटीशिवाय जाऊ लागल्या. सामान्य माणसाचे पत्र मात्र बोटीनेच जात राहिले.

१९१४. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ‘एम्डेन’ ही जर्मन युद्धनौका बंगालच्या उपसागरात शिरली. तिने अनेक व्यापारी जहाजे बुडवली आणि २२ सप्टेंबरला मद्रासवर तोफा डागल्या. उपसागरातली जहाजवाहतूक विस्कळीत झाली. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांजवळ ‘एम्डेन’ निकामी झाल्यावरच समुद्र मोकळा झाला.

१९४२ ते १९४५. २३ मार्च १९४२ रोजी जपानी फौजा अंदमानात उतरल्या. ऑक्टोबर १९४५ मध्ये बेटे पुन्हा ब्रिटिशांच्या ताब्यात येईपर्यंत हिंदुस्थानशी असलेली नेहमीची बोट आणि टपाल दोन्ही बंद होते. साडेतीन वर्षे दोन्हीकडच्या नातेवाइकांना एकमेकांची खबर नव्हती.

कोकणात वेगळे काय होते?

महाराष्ट्राला बोटीची सवय कोकणामुळे होती. मुंबईहून रत्नागिरी, वेंगुर्ले, गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी लोक ‘शेफर्डच्या बोटी’ म्हणून ओळखत. गिरणीतल्या चाकरमान्याचा निरोप आणि पैसे गावी पोहोचणे हा तिथला मोठा प्रश्न होता. १८८० पासून टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि कोकणातली कितीतरी घरे त्यावर चालू लागली.

पण कोकण हे बेट नव्हते. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या बोटी बंद व्हायच्या, तेव्हा टपाल घाटवाटांनी आणि खाड्यांवरच्या तरींनी जायचे. वेळ लागायचा, पण दुसरा रस्ता होता. पावसाळ्यातला समुद्र किती धोक्याचा, हे १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेल्या ‘रामदास’ बोटीच्या अपघाताने दाखवले. त्यात सहाशेहून अधिक माणसे बुडाली.

बेटाला असा पर्यायी रस्ता नसतो. वादळ असो की युद्ध, थांबायचे किंवा बोट पाठवायची, हे दोनच मार्ग. म्हणूनच बेटाच्या टपालासाठी सरकारला वर्षभराचा ठेका करावा लागतो.

मराठी कुटुंबे आणि कॅम्पबेल बे

स्वातंत्र्यानंतर अंदमान-निकोबारमध्ये देशभरातून माणसे वसली. देशाच्या अगदी दक्षिण टोकाला असलेल्या ग्रेट निकोबारवर १९६९ पासून माजी सैनिकांच्या सुमारे ३३० कुटुंबांना जमिनी देऊन वसवण्यात आले. पंजाब, तामिळनाडू, केरळ, आंध्र यांच्याबरोबर महाराष्ट्रातली कुटुंबेही त्यात होती. कॅम्पबेल बे हे तिथले मुख्य ठिकाण.

कॅम्पबेल बे पोर्ट ब्लेअरपासून आणखी सुमारे ५४० किलोमीटर दक्षिणेला आहे. मधे अंदमान आणि निकोबार वेगळे करणारी, साधारण १५० किलोमीटर रुंदीची दहा अंश खाडी लागते. म्हणजे महाराष्ट्रातून निघालेल्या पत्राला आधी पोर्ट ब्लेअर गाठायचे, मग बेटांमधल्या बोटीची वाट पाहायची, असा दुहेरी खोळंबा. या कुटुंबांसाठी गावाकडच्या जमिनीचे कागद, पेन्शनची पत्रे, राखी, लग्नपत्रिका हे सगळे बोटीच्या फेरीवर होते.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत ग्रेट निकोबारचे धक्के, रस्ते आणि किनाऱ्यावरची वस्ती उद्ध्वस्त झाली. बेटाचे दक्षिण टोक असलेल्या इंदिरा पॉइंटची जमीनच खचली. बोट यायला धक्का लागतो, आणि धक्का नसेल तर मदतही उशिरा येते, हे तेव्हा पुन्हा दिसले.

आज काय स्थिती आहे?

आता वाफेच्या बोटी नाहीत, डिझेलवर चालणारी जहाजे आहेत. कोलकाता, चेन्नई आणि विशाखापट्टणम इथून श्री विजयपुरमला प्रवासी जहाजे जातात. प्रवासाला साधारण अडीच ते चार दिवस लागतात. पत्रे आणि स्पीड पोस्ट मुख्यतः विमानाने जातात. जड सामान अजूनही जहाजानेच जाते, आणि लहान बेटांपर्यंत टपाल पोहोचवायला बेटांमधल्या बोटींचा आधार असतोच.

पत्त्यात एक गंमत आहे. अंदमान-निकोबार हे टपाल खात्याच्या पश्चिम बंगाल मंडळात येते, म्हणून तिथला पिनकोड ७४४ ने सुरू होतो. जुन्या कलकत्ता–पोर्ट ब्लेअर बोटीच्या वाटेची आठवणच जणू त्या आकड्यात राहिली आहे. नातेपुत्याचा पिनकोड ४१३ ने सुरू होतो. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पिनकोड पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली. बेटावर पत्र पाठवताना गावाबरोबर बेटाचे नाव आणि अचूक पिनकोड लिहिणे फार गरजेचे. एका बेटाचे पत्र दुसऱ्या बेटाच्या बोटीत गेले, तर ते परत फिरायला पुन्हा बोटीचीच वाट पाहावी लागते.

निरोपांसाठी मात्र बोटीची गरज संपली. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नई ते अंदमान-निकोबार ही सुमारे २,३०० किलोमीटरची समुद्राखालची केबल सुरू झाली. तिची जोडणी ग्रेट निकोबारपर्यंत आहे. कॅम्पबेल बेमधल्या घरातून सोलापूर जिल्ह्यात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो आता काही क्षणांत पोहोचतो.

जगात अजून बोटीने टपाल कुठे जाते?

दक्षिण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटाला ‘आरएमएस सेंट हेलेना’ ही टपाल बोट केपटाऊनहून जोडत होती. बेटावर विमानतळ सुरू झाल्यावर २०१८ मध्ये ती निवृत्त झाली. त्याच महासागरातल्या ट्रिस्टन दा कुन्हा बेटावर आजही विमानतळ नाही. तिथले टपाल केपटाऊनहून बोटीनेच जाते, आणि हवामान बिघडले तर किनाऱ्यासमोर पोहोचलेली बोटही थांबून राहते.

अजूनही लागू असलेली गोष्ट

अर्ध्या आण्याचे तिकीट लावून अंदमानला पत्र जायचे, तेव्हा त्या पत्राचा खरा खर्च पाठवणारा देत नव्हता. तो सरकारी ठेक्यातून, म्हणजे सगळ्यांच्या पैशांतून निघायचा. आजही दूरच्या बेटावरची जहाजसेवा, विमानाची फेरी किंवा समुद्राखालची केबल निव्वळ तिथल्या गिऱ्हाइकांच्या पैशांवर उभी राहत नाही. तिथे माणसे कमी असतात आणि खर्च जास्त. कैद्याचे वार्षिक पत्र, सैनिकाच्या पेन्शनचा कागद आणि आजचा व्हिडिओ कॉल या तिन्हींच्या मागे हाच हिशोब आहे: माणसे देशाच्या टोकाला राहत असतील, तर त्यांच्यापर्यंत जाणारी वाट देशाने चालू ठेवायची.